आधीपासून आत असलेले तीन रंग

रिमोटवर आवाजाचं बटण दाबलं की जुन्या रंगीत टीव्हीच्या पडद्यावर तळाशी एक हिरवी पट्टी उमटायची. तिच्या कडा सरळ आणि स्वच्छ असायच्या, शेजारचा आकडाही ठसठशीत. त्याच क्षणी मागे चाललेल्या मालिकेतल्या बाईंच्या साडीचा लाल रंग मात्र काठाबाहेर ओघळलेला असायचा आणि श्रेयनामावलीतली बारीक अक्षरं वाचताना डोळे बारीक करावे लागायचे. काच तीच, ट्यूब तीच, फॉस्फरही तोच. तरी पट्टी सुबक आणि चित्र गढूळ. हा फरक घराघरांत रोज दिसत होता आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं.

त्याचं कारण असं, की ती पट्टी आणि ते चित्र वेगवेगळ्या वाटेनं ट्यूबपर्यंत पोहोचत होते. पट्टी लाल, हिरवा आणि निळा अशा तीन सुट्या सिग्नलांच्या रूपात, म्हणजे आरजीबीच्या वाटेनं, जवळजवळ थेट जात होती. चित्राला लांबचा फेरा होता. बाहेरच्या व्हिडिओलाही पट्टीच्या वाटेनं कसं जाऊ द्यायचं, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. टीव्हीची ताकद वाढवायची नाही, त्यात नवीन मेंदू बसवायचा नाही. जे कारखान्यातूनच आत आलेलं आहे, त्याला बाहेर एक सॉकेट द्यायचं.

आधी ट्यूबकडे पाहू. रंगीत पिक्चर ट्यूबच्या मानेत तीन कॅथोड असतात आणि प्रत्येकातून इलेक्ट्रॉनांचा एक झोत निघतो. इलेक्ट्रॉनला स्वतःचा रंग नसतो. कोणता झोत कोणत्या रंगाच्या फॉस्फरवर पडणार, हे पडद्याच्या आत बसवलेली धातूची जाळी ठरवते. बहुतेक संचांत ती भोकांची किंवा फटींची असते, सोनीच्या १९६८ पासूनच्या ट्रिनिट्रॉनमध्ये ताणलेल्या उभ्या पट्ट्यांची. या ट्यूबला दूरदर्शन माहीत नाही, केबल माहीत नाही, व्हिडिओ गेमही माहीत नाही. लाल किती, हिरवा किती, निळा किती, एवढंच तिला कळतं. म्हणजे आरजीबी ही तिची एकमेव भाषा आहे आणि जगातल्या प्रत्येक रंगीत टीव्हीत, अगदी स्वस्तातल्या चौदा इंचीतही, शेवटच्या टप्प्यावर आरजीबी असतंच.

मग लांबचा फेरा कशासाठी? अमेरिकेत १९५३ मध्ये एनटीएससी ही रंगीत पद्धत मंजूर झाली तेव्हा लाखो घरांत कृष्णधवल संच होते. ते निकामी होता कामा नयेत आणि चॅनेलची रुंदीही वाढता कामा नये, अशा दोन अटी होत्या. अभियंत्यांनी त्या पाळल्या. उजेड-अंधाराच्या सिग्नलच्या पोटातच एका उपवाहक लहरीवर रंगाची माहिती बसवून दिली. पुढे जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी वाटेत रंगछटा बदलण्याची त्या पद्धतीची खोड दुरुस्त केली आणि पाल पद्धत आली. पश्चिम जर्मनी आणि ब्रिटनमध्ये ती १९६७ पासून सुरू झाली. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, तेही पालमध्येच. पालचा रंगवाहक ४.४३ मेगाहर्ट्झचा, म्हणजे नेमका तिथे जिथे चित्रातले बारीक तपशील असतात. डाळ-तांदूळ एकत्र मिसळून पाठवायचे आणि प्रत्येक घरी ते पुन्हा निवडत बसायचं, असा हा व्यवहार. निवडणं कधीच पूर्ण होत नाही. थोडा रंग उजेडात राहतो, म्हणून रंगीत कडांवर ठिपके सरपटताना दिसतात. थोडा उजेड रंगात जातो, म्हणून बारीक चौकडीचा शर्ट घातलेला निवेदक बातम्या वाचायला बसला की त्याच्या छातीवर इंद्रधनुषी लाटा उठतात.

प्रक्षेपणासाठी ही तडजोड अपरिहार्य होती आणि खरं तर विसाव्या शतकातल्या उत्तम तडजोडींपैकी ती एक आहे. तिला नावं ठेवण्यात मला रस नाही. पण टीव्हीपासून हातभर अंतरावर ठेवलेल्या यंत्रानं ती का पाळावी? गेमच्या यंत्रात चित्र तयार होतं तेच मुळी आरजीबीत. सेगाच्या मेगा ड्राइव्हचं उदाहरण घ्या. त्यातली चित्राची चिप तीन रंग सुटे बाहेर काढते. मग सोनीची सीएक्सए ११४५ सारखी एक चिप त्यांची मिसळ करून कॉम्पोझिट बनवते. ती मिसळ पिवळ्या पिनच्या वायरीतून टीव्हीत जाते, टीव्ही ती पुन्हा सुटी करतो आणि ट्यूबला आरजीबी देतो. जिथून निघालो तिथेच पोहोचायचं आणि वाटेत निम्मा ऐवज सांडायचा. याहून वाईट म्हणजे त्या काळी अनेक घरांत यंत्र अँटेनाच्या सॉकेटला जोडलं जायचं. तिथे या सगळ्यावर रेडिओ लहरीचा आणखी एक थर चढायचा.

फ्रान्सनं यावर सरकारी थाटाचा उपाय काढला. तिथल्या उत्पादक संघटनेनं २१ पिनांचं एक रुंद सॉकेट ठरवलं आणि १९८० च्या सुमारास ते नव्या टीव्हींवर सक्तीचं झालं. त्याला जग स्कार्ट म्हणतं. त्यातून आरजीबी सरळ आत जातं. पुढे हे सॉकेट युरोपभर पसरलं. जपाननं तशाच दिसणाऱ्या सॉकेटची स्वतःची पिनजोडणी केली. अमेरिकेत आणि आपल्याकडे मात्र सर्वसाधारण घरगुती संचांवर पिवळी, पांढरी, लाल अशी एव्हीची सॉकेटं आली आणि गोष्ट तिथेच थांबली. शेवटच्या काही वर्षांत मोठ्या संचांना कॉम्पोनंटची तीन सॉकेटं मिळाली, तेवढाच दिलासा. म्हणून टीव्ही उघडून आरजीबी घालण्याची ही कला मुख्यतः अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी वाढवली. युरोपातल्या माणसाला ती शिकण्याची फारशी गरजच पडली नाही. एकाच कंपनीचा एकच बोर्ड युरोपात स्कार्टसह आणि इतरत्र स्कार्टविना विकला गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. असा बोर्ड उघडला की भोकं आणि छापील नावं तयार असतात, सुटे भाग तेवढे भरलेले नसतात.

आता पुन्हा त्या पट्टीकडे. नव्वदीच्या दशकापासूनच्या संचात दोन मुख्य आयसी असायच्या. एक मायक्रोकंट्रोलर. रिमोट ऐकणं, चॅनेल लक्षात ठेवणं, मेन्यू काढणं ही त्याची कामं. दुसरी, जिला आपले मेकॅनिक आणि परदेशातले हौशीही जंगल आयसी म्हणतात, ती कॉम्पोझिट फोडून रंग सुटे करते. फिलिप्सची टीडीए ८३६२, सान्योची एलए ७६८१० ही तिची गाजलेली रूपं. सान्योची तर चायना किट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अगणित बोर्डांवर बसली. मायक्रोकंट्रोलर पट्टी काढतो तेव्हा लाल, हिरवा, निळा असे तीन सिग्नल जंगल आयसीच्या तीन पायांवर देतो आणि चौथ्या पायावर एक इशारा. त्या चौथ्या पायाला फास्ट ब्लँकिंग म्हणतात. त्यावर व्होल्टेज चढलं की आयसी त्या क्षणापुरतं प्रक्षेपणाचं चित्र बाजूला सारते आणि तीन पायांवर जे असेल ते दाखवते. व्होल्टेज उतरलं की पुन्हा मालिका. हे इतक्या वेगानं होतं की एकेका अक्षराच्या कडेपुरतं चित्र झाकता येतं.

कल्पना इथून सुचते. चौथ्या पायावर व्होल्टेज कायमच धरून ठेवलं तर? तर पट्टीच्या जागी पूर्ण पडदाच त्या तीन पायांच्या ताब्यात येईल. मायक्रोकंट्रोलरऐवजी, किंवा त्याच्यासोबत, बाहेरचे तीन रंग तिथे जोडले की काम झालं. प्रत्येक रंगाच्या वायरीला जमिनीशी ७५ ओमचा रेझिस्टर, पुढे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, इशाऱ्यासाठी एक स्विच. चित्राचा ताळ जुळवायला लागणारा सिंक सिग्नल बहुतेक वेळा आहे त्या पिवळ्या सॉकेटमधूनच आत देता येतो. सुट्या भागांचा खर्च किरकोळ. अडचण खर्चाची नाही, हिशेबाची आहे. बाहेरचा सिग्नल ०.७ व्होल्टचा असतो, मायक्रोकंट्रोलरचा पाच व्होल्टांच्या घरातला. मूळ मेन्यूही शाबूत ठेवायचा असेल तर दोघांना एकाच पायावर नांदवणारे रेझिस्टर संचागणिक बदलतात. पुढची बरीच पानं या एका हिशेबावर खर्च झाली आहेत आणि ती वगळून थेट आकृतीवर जाणाऱ्याला फिकट किंवा जळजळीत चित्र मिळेल.

सगळेच संच यासाठी योग्य नाहीत. काही जुन्या आयसींचे हे तीन पाय चढत्या-उतरत्या छटा ओळखत नाहीत, रंग चालू किंवा बंद एवढंच जाणतात. तिथे जास्तीत जास्त आठ रंग मिळतील, मेन्यूला तेवढे पुरतात. नंतरच्या काळात मायक्रोकंट्रोलर आणि जंगल आयसी एकाच चिपमध्ये आले. तिथे पट्टीचा प्रवास चिपच्या पोटातच होतो आणि बाहेर पायच नसतात. पण अशा काही चिपांना आरजीबीचे आणखी तीन पाय वेगळे दिलेले असतात आणि स्वस्त संचांत ते मोकळेच सोडलेले असतात. हे ओळखण्याचा मार्ग एकच: चिपचा नंबर वाचा आणि तिचा डेटाशीट काढा.

आरजीबीचा एक फायदा आपल्याकडच्या वाचकाला विशेष पटेल. जपानी किंवा अमेरिकी यंत्र केवळ पाल ओळखणाऱ्या संचाला कॉम्पोझिटनं जोडलं तर चित्र कृष्णधवल दिसतं, कारण रंगाची मिसळ वेगळ्या रीतीची असते. आरजीबीत मिसळच नाही, त्यामुळे रंग आपोआप येतात. संचानं सेकंदाला पन्नासऐवजी साठ वेळा पडदा रंगवायला तयार व्हावं, एवढंच लागतं आणि नव्वदीनंतरचे बरेच संच ते निमूटपणे करतात.

उत्साहाला थोडा लगाम घालणंही माझं काम आहे. आपल्या पिढीचा व्हिडिओ गेम म्हणजे कॅसेट घालायचा, ज्याच्या खोक्यावर लाखो गेम असल्याचं छापलेलं असायचं. तो बहुधा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होता. मूळ फॅमिकॉमची चिप चित्र आरजीबीत बनवतच नाही, ती थेट कॉम्पोझिटच बाहेर काढते. म्हणजे पोटमाळ्यावरचं ते यंत्र जोडण्यासाठी टीव्ही उघडण्यात काही अर्थ नाही. मेगा ड्राइव्ह, सुपर फॅमिकॉम, प्लेस्टेशन यांना अर्थ आहे. शाळेच्या अडगळीत एखादा बीबीसी मायक्रो सापडला तर त्यालाही आहे. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पातून १९८४ पासून हे संगणक शाळांत गेले. त्यांच्या मागे आरजीबीचं गोल सॉकेट असतं, मात्र त्याचे सिग्नल पाच व्होल्टांच्या जातीचे, ते आधी उतरवून घ्यावे लागतात. घरातला साधा संगणक मात्र व्हीजीएतून सरळ जोडू नका. त्याच्या आडव्या रेषा सेकंदाला एकतीस हजारांवर जातात, पाल टीव्हीच्या १५,६२५. ही गाठ पडत नाही. पडावी म्हणून हट्ट केला तर जुन्या संचाच्या आडव्या आउटपुट भागावर बेतू शकतं.

आणखी एक गोष्ट, जी या छंदातले लोक सांगायला काचकूच करतात. आरजीबी चित्र नेहमीच ‘खरं’ चित्र नसतं. त्या काळच्या काही चित्रकारांनी कॉम्पोझिटचा गढूळपणा गृहीत धरूनच काम केलं होतं. १९९१ च्या ‘सोनिक द हेजहॉग’मधला धबधबा घ्या. कॉम्पोझिटवर तो पारदर्शक पाण्यासारखा दिसतो. आरजीबीवर त्याच्या उभ्या रेघा सुट्या दिसतात आणि पाण्याच्या जागी पडद्याचं कापड टांगल्याचा भास होतो. म्हणून मी पिवळं सॉकेट काढून टाकण्याच्या सक्त विरोधात आहे. स्विच ठेवा. कधी मिसळही हवी असते.

मग एवढं करून सपाट टीव्हीपेक्षा मिळतं काय? जुन्या यंत्रांचं चित्र २४० रेषांचं असतं. दर फेरीला त्याच रेषा त्याच जागी येतात आणि मधल्या काळ्या राहतात. ट्यूबला हे सहज जमतं. बरेच सपाट संच त्याला गुंफलेलं चित्र समजून त्यावर नको ती इस्त्री फिरवतात आणि त्यात क्षणभर वेळही घालवतात. उडी मारायच्या गेममध्ये तेवढा क्षण पुरेसा असतो. ‘डक हंट’ या गेमची बंदूक तर ट्यूबशिवाय चालतच नाही. हे सगळं देणारे सोनीचे पीव्हीएम नावाचे व्यावसायिक मॉनिटर स्टुडिओत आणि रुग्णालयांत असायचे. हौशी लोकांनी त्यांच्या किमती आकाशाला भिडवल्या आहेत. गल्लीतल्या एकवीस इंची संचाला आरजीबी दिलं तर तो पीव्हीएम होत नाही, पण त्याच्या बराच जवळ जातो.

आता ज्या भागासाठी मी ही प्रस्तावना लिहायला तयार झालो, तो. रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर वीस ते पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि टीव्ही बंद केल्यावरही ट्यूब तो भार धरून ठेवू शकते. मागचं झाकण काढल्यावर पहिलं काम ती रिकामी करण्याचं. ज्याची मूठ उच्च दाबासाठी बनलेली आहे असं साधन घ्या. त्याचं टोक आधी ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या उघड्या वेणीशी वायरनं जोडा आणि मगच अ‍ॅनोडच्या रबरी टोपीखाली सरकवा. एक हात पाठीमागे. थोड्या वेळानं पुन्हा तेच करा, कारण काचेत मुरलेला भार परत वर येतो. एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या भागातल्या, मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्ट असतात. मेकॅनिक मंडळी धक्का खातात तो जास्त वेळा तिथला. ट्यूबची मान पातळ काचेची असते. तिला कोपर लागलं, हवा आत गेली, की संच संपला. त्यावर उपाय नाही.

दुसरा धोका दिसत नाही म्हणून जास्त वाईट. जुन्या काही संचांत, विशेषतः ज्यांना फक्त अँटेनाचं सॉकेट आहे अशांत, पूर्ण चासी घरच्या विजेशी थेट जोडलेली असते. तिला गरम चासी म्हणतात. अशा संचाची ‘जमीन’ बाहेरच्या सॉकेटवर आणली तर गेमचा कंट्रोलर हातात धरणाऱ्या पोराच्या हातात घरची वीज येईल. इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा. दुकानात सिरीज बोर्डावर, म्हणजे शंभर वॉटचा दिवा मध्ये घालून, टीव्ही चालू करण्याची पद्धत आहे. शॉर्ट असेल तर दिवा पेटतो आणि फ्यूज वाचतो. पद्धत चांगली आहे, पण तिनं वीज विलग होत नाही. दिव्यामागून येणारा धक्काही जीव घेऊ शकतो. विलग करायला एकास एकचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो. तोही तपासणीपुरता. गरम चासीच्या संचात आरजीबी घालू नये, हा माझा निकाल आहे आणि त्याला अपवाद मी मानत नाही. कारखान्यातून एव्ही सॉकेट लागून आलेला संच निवडा. त्यात ही विलगता बहुधा आधीच केलेली असते, तरी मीटर लावून खात्री करा.

एवढं वाचून हात मागे आला असेल तर तेही चांगलंच. ज्यानं कधी टीव्हीचं झाकण काढलेलं नाही, त्यानं या पुस्तिकेनं सुरुवात करू नये. आपल्या गावात अजून एखादा ट्यूबवाल्या टीव्हीचा मेकॅनिक असेल. त्याच्याशेजारी बसा, त्याला आकृती दाखवा. जंगल आयसी आणि सीआरटी बेस त्याला पाठ असतात. फक्त बाहेरून आरजीबी घालायला कुणी सांगितलेलं नसतं.

महाराष्ट्राचं या यंत्राशी नातं केवळ गिऱ्हाइकाचं नव्हतं. १९८१ मध्ये सुरू झालेली ओनिडाची कंपनी मुंबईची. व्हिडिओकॉनचे संच तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावात बनायचे आणि २००५ मध्ये याच समूहानं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, जग सपाट पडद्याकडे धावत असताना. तो डाव फसला हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यामुळे आणि स्वस्त चायना किटांमुळे आपल्याकडे शेवटच्या पिढीचे, एव्हीसह आलेले संच भरपूर उरले. भंगारवाला ते तांब्यासाठी फोडतो. आधी योक, म्हणजे मानेवरचं तांब्याच्या तारेचं वेटोळं, जातो आणि योक ओढताना बहुतेकदा मान तुटते.

तुटलेल्या ट्यूबपेक्षाही मोठी टंचाई आता कागदांची आहे. परदेशी संचांची सर्व्हिस मॅन्युअल्स शोधली तर मिळतात. आपल्याकडच्या बोर्डांच्या सर्किट आकृत्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत बांधीव पुस्तकांच्या रूपात विकल्या जायच्या. त्यांतल्या कित्येक कुणी पुन्हा छापल्या नाहीत. आकृती हातात असेल तर चौथा पाय शोधायला पाच मिनिटं लागतात, नसेल तर एक-एक ट्रॅक बोटानं मागे न्यावा लागतो. तुमच्या घरी, काकांच्या बंद दुकानात, पॉलिटेक्निकच्या जुन्या कपाटात अशी पुस्तकं असतील तर ती रद्दीत देऊ नका. पानं स्कॅन करा, बोर्डावर छापलेला नंबर त्या फाइलला नाव म्हणून द्या आणि ती मोकळी ठेवा.